फळा पुसण्याआधी

रविवार, १ जून

घर एकदम झकास आहे. हे पहिलंच वाक्य मुद्दाम लिहितोय, कारण ताईने फोनवर बजावलंय की नव्या जागी गेल्या गेल्या कुरकुर सुरू करायची नाही आणि रोज निदान दोन ओळी लिहायच्या. त्याने मन मोकळं होतं म्हणे. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, अशी आमच्याकडची पद्धत आहे. या वेळी मात्र खरंच ऐकतोय.

वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बसता येईल एवढी गॅलरी. खाली घरमालकीण एकट्याच राहतात. भिंगरीने पहिल्या पाच मिनिटांत त्यांना काकू करून टाकलं आणि त्यांचं मांजर कडेवर घेऊन वर आली. मांजराची मुळीच इच्छा नव्हती. भिंगरी म्हणजे आमची लेक. दाखल्यावरचं नाव वेगळं, हे हिने ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी बसेल तर शपथ.

ही म्हणजे माझी बायको. गेल्या हिवाळ्यात गेली. लिहिलं एकदाचं, आता पुढे.

हिचा कॉम्प्युटर मी टेम्पोत टाकू दिला नाही, पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन आलो. पाय अजून बधिर आहेत. ही घरांची चित्रं करायची, अजून बांधलीच नाहीत अशा घरांची. बिल्डर नकाशा द्यायचा, ही त्यात सोफे, पडदे आणि ऊन भरायची आणि लोक ते बघून फ्लॅट बुक करायचे. प्रत्येक चित्रात दाराशी चपलांचा एक जोड टाकायची, वेडावाकडा, त्यातली एक उलटी. बिल्डर वैतागायचे. हिचं म्हणणं असं की चपला सरळ असलेल्या घरात माणसं राहत नसतात.

हिचं शेवटचं चित्र अर्धं राहिलंय. आमच्या तिघांचं घर, कधीतरी घ्यायचं ते. बावीस तारखेला भिंगरीला नऊ पूर्ण होतील. तोवर ते चित्र पुरं करून, मोठं छापून तिच्या भिंतीवर लावायचं असं ठरवलंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार, ३ जून

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये रुजू झालो. चाळीस मशीन, सगळी लिनक्सवर आणि सगळ्यांचे स्क्रीन भोपळ्याएवढी अक्षरं दाखवताहेत. आधीच्या माणसाने ग्राफिक्स कार्डाला हातच लावला नव्हता. साहेबांनी काळजीने विचारलं की याला महिना लागेल का. म्हटलं, शुक्रवारी या.

यात अवघड काही नाही, फक्त चिकाटी लागते. कार्ड नुसतं बसवून भागत नाही, त्याला चालवणारा ड्रायव्हर लागतो, आणि लिनक्सवर तो दोन जातींचा मिळतो. एक ओपन, सिस्टिमबरोबर आपोआप येणारा. स्वभावाने गरीब, कधी नाही म्हणणार नाही, पण कामाला मंद. दुसरा कार्डाच्या कंपनीचा. कामाला वाघ, पण नखरे फार. कार्डाच्या वयाप्रमाणे त्याची बरोबर आवृत्ती निवडावी लागते, नाहीतर समोर काळा पडदा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवा घालण्याआधी जुन्याचं नाव काळ्या यादीत टाकायचं. एका फाइलमध्ये एक ओळ, बास. ती राहिली की मशीन सुरू होताना जुना आधी जाऊन कार्डावर ठाण मांडतो आणि नवा दारातच उभा राहतो. लॅबच्या दोन पोरींना हे इतकं रंगवून सांगितलं की त्या जांभया द्यायला लागल्या.

हेच मी एकदा हिला जेवताना सांगत होतो, ताटात वाटाण्याचे दाणे मांडून. हा जुना ड्रायव्हर, हा नवा, हे कार्ड. हिने सगळं शांतपणे ऐकलं, दाणे उचलून खाऊन टाकले आणि म्हणाली की मास्तर, तास संपला. तेव्हापासून मी मास्तर. मी तोंड उघडलं की ही तेच म्हणायची, मी म्हणायचो की घंटा कुठे झाली अजून, आणि लगेच भिंगरी चमच्याने ताटली बडवून घंटा करायची. एवढं झाल्याशिवाय आमचं जेवण संपायचं नाही.

आता संपतं. कसंबसं.

शनिवार, ७ जून

हिचा कॉम्प्युटर लावला. एवढा जपून आणला तरी कार्डाने मान टाकलीच. पंखा फिरेना, वास आला आणि खेळ खलास. बाजारामागच्या गल्लीत जुने पार्ट विकणारा एक माणूस आहे. त्याच्याकडून वापरलेलं कार्ड आणलं. कुणाचं होतं ते विचारलं तर म्हणाला की आपण माल विचारतो, माणसं नाही विचारत.

घरी येऊन आधी कंपनीचा सगळ्यात नवा ड्रायव्हर घातला. काळा पडदा. नव्या आवृत्तीला हे जुनं कार्ड पसंतच नाही. तेव्हा तो काढून तूर्त ओपनवर चालवलं. चित्र पुरं व्हायला त्यावर वेळ लागेल, पण अजून दिवस आहेत. भिंगरीने गॅलरीतून ओरडून विचारलं की आईचा कॉम्प्युटर जिवंत झाला का. झाला म्हटलं.

रविवार, ८ जून

सकाळी मशीन सुरू केलं आणि हातातला चहा लेंग्यावर सांडला.

झालं ते सरळ लिहितो. कार्डाला स्वतःची मेमरी असते. स्क्रीनवर जे दिसायचं ते आधी तिथे मांडलं जातं. ओपन ड्रायव्हरची एक खोड आम्हा लोकांना माहीत आहे. आधीच्या तासाचा फळा न पुसताच तो पुढच्याला देतो. त्यामुळे मशीन सुरू होताना कधीकधी क्षणभर मागचं काहीतरी दिसून जातं, बंद केलेल्या खिडकीचा तुकडा, अर्धा फोटो. कंपनीचा ड्रायव्हर आधी फळा पुसतो, मग देतो. एवढाच फरक.

आज असंच काहीतरी दिसलं. पण ती ही होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून भिंगरीच्या बुटाची नाडी बांधत होती. भिंगरीच्या शाळेचा पहिला दिवस. हिच्या अंगात मी आणलेला पिवळा स्वेटर, दोन मापं मोठा, बाह्या दुमडलेल्या. नाडी बांधता बांधता हिने मान वर करून बघितलं आणि तेवढ्यात नेहमीचा स्क्रीन आला.

याचा फोटो कुणी काढलेला नाही. काढणार कोण, घरात आम्ही तिघंच आणि मी वरच्या पायरीवर दप्तर धरून उभा. हे मी उभा होतो तिथूनच दिसत होतं.

शिवाय वीज बंद केली की कार्डाची मेमरी कोरी होते. कार्ड काल आणलेलं. हिने त्याला कधी हात लावलेला नाही. हे सगळं मला कळतं. कळून काय करू. कितीतरी दिवसांनी ही माझ्याकडे बघून हसली.

बुधवार, ११ जून

मशीन सुरू करतो, बघतो, बंद करतो. परत सुरू करतो. भिंगरी शाळेत असते तेव्हा जेवायच्या सुट्टीत घरी पळत येतो, खालच्या काकूंना वाटतं मी डबा विसरतो. दर वेळी वेगळं दिसतं आणि दर वेळी थोडं जास्त टिकतं.

ही खिडकीत उभी राहून गार झालेला चहा पिताना. ही भिंगरीला पाठीवर घेऊन खोलीभर रांगताना. ही फोनवर बिल्डरशी भांडताना, आणि दुसरीकडून मला जीभ काढून दाखवताना. हसताना, ते मध्येच नाकातून घुर्र करून हसणं, ज्याची तिला स्वतःला लाज वाटायची. आवाज येत नाही, पण मला ऐकू येतो.

डिस्क उलटीपालटी करून पाहिली. यातलं काहीही तिथे नाही. ताईला सांगावंसं वाटलं, पण ती म्हणेल डॉक्टरला दाखव. कशाला दाखवू. आज मी जेवताना गुणगुणत होतो. भिंगरीनेच सांगितलं, आणि मी चोरी पकडल्यासारखा गप्प झालो. मग तीही गुणगुणायला लागली.

शनिवार, १४ जून

ताईचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर ती हसत म्हणाली की भिंगरीचे बूट आता लहान झाले असतील, घेताना नाडीचे घेऊ नकोस, पहिल्या दिवशी जिन्यात केवढा घोळ घातला होता तुम्ही तिघांनी. कुठला घोळ, मी विचारलं. ती म्हणाली की असं काय करतोस, तूच मला दहा वेळा सांगितलंयस, हिने नाडी बांधता बांधता स्वतःचा स्वेटरच त्यात अडकवला आणि तिघंही हसत पायरीवर बसून राहिलात, शाळा बुडाली.

मला हे माहीत नाही. आठवत नाही असं नाही, माहीतच नाही. स्क्रीनवर पायरीवर बसलेली एक बाई दिसली होती ते आठवतं. दुसऱ्या कुणाच्या घरातला फोटो पाहिल्यासारखं. आठ तारखेचं पान काढून वाचलं. अक्षर माझंच. मी वरच्या पायरीवर उभा होतो असं लिहिलंय.

मी तिथे कधीच नव्हतो.

रविवार, १५ जून

भिंगरीला गॅलरीत घेऊन बसलो आणि सहज आठवलं असं दाखवत विचारत गेलो. आई कशी हसायची. तिने नाक मुरडून घुर्र केलं आणि स्वतःच खिदळली. मला त्यात ओळखीचं काही वाटलं नाही. आई चहा कसा प्यायची. गारच की, बाबा, विसरायची ना ती. पाठीवर घेऊन कोण रांगायचं. बाबा, तुला काय झालंय.

आमच्या धंद्यात दोन आज्ञा असतात. एक नक्कल करते, मूळ जागच्या जागी राहतं. दुसरी उचलून नेते. मला वाटत होतं की हे कार्ड माझ्यातलं काढून मला दाखवतंय. दाखवतंय खरं. पण नक्कल करत नाहीये. उचलून नेतंय.

जे जे मी डोळे भरून पाहिलं ते ते माझ्याकडून गेलं. आणि गेल्याचं मला कळलंसुद्धा नाही, मी आपला खुळ्यासारखा गुणगुणत होतो. मशीनची वायर काढून ठेवलीय.

मंगळवार, १७ जून

वायर परत लावली.

लाज वाटते लिहायला. दोन दिवस धीर धरला. पण माझ्याकडे जे उरलंय ते एकेक करून चाचपून पाहायला लागलो, हे आहे, ते आहे का, आणि त्यात तिचा चेहराच नीट येईना. पिवळा स्वेटर येतो, दुमडलेल्या बाह्या येतात, वर चेहरा नाही. आणि मशीनवर चेहरा आहे. मी काय करायला हवं होतं. एकदाच बघतो म्हटलं.

दवाखान्यातली खोली दिसली. पलंगावर ती. तिच्या कुशीत भिंगरी बूट घालूनच झोपलेली. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. दोन शब्द. ओठ स्पष्ट हलले.

हे तिचं शेवटचं बोलणं असणार. ते काय होतं हे काल मला माहीत असणार.

गुरुवार, १९ जून

आज शाळेतून फोन आला की मुलीला न्यायला कुणी आलेलं नाही. मी लॅबमध्ये होतो. कुठली मुलगी, असं माझ्या तोंडून निघून गेलं. पलीकडून बाईंनी नाव सांगितलं आणि मी धावत सुटलो.

ती फाटकाशी दप्तरावर बसली होती. रडत नव्हती. वाट बघून बघून कंटाळलेली. मी तिला छातीशी घट्ट धरलं तर म्हणाली, बाबा, दुखतंय. रस्ताभर मी तिचा हात सोडला नाही आणि चालता चालता स्वतःला विचारत गेलो. ही जन्मली तेव्हा मी कुठे होतो. पहिलं पाऊल कुणाकडे टाकलं. पडली होती, टाके पडले होते, हनुवटीवर खूण आहे, ती कशाची.

काही नाही. भिंती सारवून ठेवल्यासारखं सगळं साफ.

आता कळतंय. तिच्या आईच्या जवळजवळ प्रत्येक आठवणीत ही आहे. पाठीवर, कुशीत, पायरीवर. आई गेली तिच्याबरोबर हीसुद्धा जातेय. आणि या पोरीला माझ्याशिवाय कोण आहे.

शुक्रवार, २० जून

ठरलं. कंपनीचा ड्रायव्हर घालायचा. या कार्डासाठीची जुनी आवृत्ती शोधून काढली, मिळाली. तो फळा पुसतो. म्हणजे कार्डात जे काही गोळा झालंय ते सगळं जाईल. ती जाईल. तिथे आहे ती आणि तिथेच आहे, माझ्याकडे आता स्वेटरच्या बाह्या तेवढ्या उरल्यात. बायको दुसऱ्यांदा जाणार आणि या वेळी मीच —

कार्ड काढून फेकून द्यावं असंही मनात आलं. दुपारी एकदा काढलंही. हातात धरून दारापर्यंत गेलो. फेकणार कुठे. कचऱ्यात? तिला? मुकाट्याने परत बसवलं. पुसणं निदान माझ्या हाताने होईल.

अडचण एकच. नवा घालायचा तर मशीन जुन्यावरच सुरू करावं लागतं. चित्राशिवाय सुरू करेन, नुसता काळा स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. तिथे काही दिसत नाही. तिथे काही जाणार नाही.

भिंगरीला बसवून सांगितलं की उद्यापासून मी काही विसरलो तर रागावू नकोस, मला सांगत राहा. तिने गंभीरपणे मान हलवली. मग विचारलं की बाबा, तू मला विसरणार नाहीस ना. मी हसलो. वेडी का तू, म्हटलं.

आत येऊन तोंडात रुमाल कोंबून रडलो.

शनिवार, २१ जून, सकाळ

भिंगरीला खाली काकूंकडे पाठवलं. उद्याचा केक त्या दोघी मिळून करणार आहेत.

काळा स्क्रीन. पांढरी अक्षरं. नवा ड्रायव्हर उतरला. एक चूक नाही, एक तक्रार नाही. चाळीस मशीनवर केलंय, हात आपोआप चालतात. शेवटी त्याने विचारलं की मशीन पुन्हा सुरू करू का. हो म्हटलं —

काळी यादी. ती एक ओळ —

राहिली. मी, पोरींना जांभया येईपर्यंत सांगणारा मी. विसरलो की विसरायचं होतं ते देव जाणे. मशीन सुरू झालं तर जुनाच जाऊन बसला होता. आणि स्क्रीन —

या वेळी ती नव्हती. नुसती भिंगरी. कपड्यात गुंडाळलेली, एवढीशी, माझ्या दोन तळव्यांवर. मग रांगताना. मग पहिलं पाऊल, माझ्याकडे, माझ्याकडेच टाकलेलं. हनुवटीवर रक्त, आणि मी तिला उचलून धावतोय. ताटली बडवताना. मांजर कडेवर घेतलेली. फाटकाशी दप्तरावर बसलेली. थांबतच नव्हतं. डोळे मिटायला हवे होते. वायर ओढायला हवी होती. पण ते पाऊल, ते सारखं सारखं — कुठल्या बापाला डोळे मिटवले असते —

दुपार

वायर ओढली. उशीर झालाय का ते कळत नाही. कसं कळणार.

खालून हसण्याचा आवाज येतोय. लहान मुलीचा. छान हसते. मध्येच नाकातून —

हातावर शाईने लिहून ठेवलंय: खाली तुझी मुलगी आहे. भिंगरी. उद्या नऊ.

संध्याकाळ

ओळ लिहिली. दोनदा तपासली. काळ्या यादीत जुन्याचं नाव टाकलं. आता फक्त सुरू करायचं. फळा पुसला जाईल. त्यात कोण कोण आहे ते —

न पुसावं? न पुसलं तर ते परत येतं का? कधी काही परत आलेलं नाही. नुसतं जातच राहिलंय. उद्या हातावर काय लिहिलंय तेसुद्धा —

पुसतो. उरलेली तरी राहू दे. थोडी तरी असेलच. मला तिचा हात आठवतो. रस्ताभर धरलेला, गरम. तेवढा आठवतो. तेवढ्यावरून परत —

सुरू केलं.

रविवार, २२ जून

नवा ड्रायव्हर उत्तम चाललाय. स्क्रीन स्वच्छ, कसले तुकडे नाहीत, कडा धारदार. डोकंही हलकं वाटतंय. घर तसं झकास आहे. एकट्या माणसाला दोन खोल्या जरा जास्तच होतात.

आंघोळ करताना हातावरची शाई निघाली. काहीतरी खरडलं होतं, नीट वाचता आलं नाही.

मशीनवर एक अर्धवट चित्र होतं, घराच्या आतलं. कुणा गिऱ्हाइकाचं असावं. पुरं करायला लावलं, बघता बघता झालं. ऊन सुरेख पडलंय. फक्त दाराशी चपलांचा जोड वेडावाकडा राहिलाय, एक चप्पल चक्क उलटी. कुणाची तरी चूक. काढून टाकेन.

ताईचा फोन आला होता. खालच्या घरमालकिणींनी तिला काहीतरी कळवलंय म्हणे. रडत होती. म्हणाली की निघालेय, संध्याकाळपर्यंत पोचते, तोवर पोरीजवळ बस. कुठल्या पोरीजवळ, मी विचारलं. ती आणखीच रडायला लागली. तिला आता विश्रांतीची गरज आहे.

दारात एक मुलगी उभी आहे. आठ-नऊ वर्षांची, नवा फ्रॉक, हनुवटीवर जुनी खूण, डोळे रडून सुजलेले. खालच्या घरमालकीण तिच्यामागे जिन्यात, हातात केक, त्यांचेही डोळे सुजलेले. वाढदिवस असेल कुणाचा. मी म्हटलं, शुभेच्छा, बाळ, घर चुकलीस का. तर ती मला बाबा म्हणाली. कुणाच्या तरी घरी हिला शोधत असतील, आणि ही इथे —

ती रडायची थांबलीय. डोळे पुसले. आत गेली, स्वयंपाकघर माहीत असल्यासारखी, आणि ताटली न् चमचा घेऊन आली. समोर उभी राहिली आणि मोठ्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून म्हणाली की मास्तर, तास संपला.

मी तिला सांगितलं की मी मास्तर नाही. कॉम्प्युटर सांभाळतो.

ती हलत नाहीये. चमचा ताटलीवर उगारून धरलाय, वाजवत नाही. म्हणते, आधी तू म्हणायचं असतं, मगच वाजवायचं. काय म्हणायचं ते सांगत नाही. ते तुला यायलाच हवं, बाबा, म्हणते.

मी आठवतोय. खरंच आठवतोय. काहीतरी आहे, अगदी जिभेवर — तिचा उगारलेला हात खाली येतोय, चमचा ताटलीला नुसता टेकला, आणि —